गॅरेज क्रमांक चारमधलं कपाट

तेरा जूनला सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, सत्तावन्न सालची तोर्देला एकशे पंचाहत्तर ही मोटरसायकल एकतीस वर्षांच्या विश्रांतीनंतर सुरू झाली, गॅरेजचा उतार चढून रस्त्यावर आली, चव्वेचाळीस मिनिटं बोलोन्या शहरात फिरली आणि परत येऊन आपल्या जागी उभी राहिली. एवढंच सांगायचं होतं. झालं सांगून.

आता हे विसरून जा. असं काहीही घडलेलं नाही. त्या दिवशी त्या इमारतीत मोटरसायकल नव्हतीच. होतं ते एक कपाट. तशी नोंद इमारतीच्या इतिवृत्तात आहे, खाली व्यवस्थापक पासेरिनीबाईंची सही आहे, सहीशेजारी सोळा युरोचा मुद्रांक आहे, आणि इटलीत माणूस एक वेळ खोटं बोलेल, मुद्रांक बोलत नाही. मग ते कपाट चव्वेचाळीस मिनिटं कुठे गेलं होतं, असले प्रश्न सभ्य माणसं विचारत नाहीत.

हे सगळं सुरू झालं सहा जानेवारीला, सासूबाईंच्या जेवणाच्या टेबलावर. फिओरेन्झो तुन्योलीच्या आयुष्यातल्या बहुतेक गोष्टी याच टेबलावर सुरू झाल्या आणि तिथेच त्यांचा निकालही लागला. बावीस वर्षांपूर्वी, लग्नाआधीच्या पहिल्याच जेवणाला, सासूबाईंनी पहाटे उठून हातानं वळलेल्या तोर्तेलिनीची, म्हणजे सारण भरलेल्या चिमुकल्या पास्त्याची, वाटी त्याच्यापुढे आली, तेव्हा त्यानं अगदी नम्रपणे विचारलं होतं, "यावर घालायला थोडं क्रीम मिळेल का?" बोलोन्यात तोर्तेलिनी फक्त सुपात खातात. क्रीम मागणारा माणूस एक तर परदेशी असतो किंवा नालायक असतो, आणि फिओरेन्झो तर जेमतेम पन्नास किलोमीटरवरच्या फेर्राराचा. तेव्हापासून दर रविवारी सासूबाई, म्हणजे झाइराबाई, त्याला वाढताना वाटीवर पळी धरून थांबत आणि विचारत, "जावई, क्रीम देऊ?" बावीस वर्षं. दर रविवारी. एका रविवारी त्याला ताप होता तर फोन करून विचारलं होतं.

तर सहा जानेवारीला त्याला क्रीमचं विचारून झाल्यावर झाइराबाई म्हणाल्या, "खाली कोठीत ती मोटरसायकल पडलीये. कोठी मला रिकामी हवी. तेरा जूनला मी पंच्याऐंशीची होते. तोपर्यंत जो तिला सुरू करेल, त्याची ती."

ती मोटरसायकल सगळ्यांना माहीत होती. स्वयंपाकघराच्या भिंतीवर तिचा फोटो होता: सासरे अमलेतो, देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो, एक हात तिच्या सीटवर ठेवून उभे, केस वाऱ्यानं विस्कटलेले, चेहऱ्यावर नुकतंच काहीतरी मोठं पार पडल्याचं समाधान.

"सुरू कशाला करायची?" फिओरेन्झोचा साडू लोरिस म्हणाला. लोरिस मोदेनात दातांचा डॉक्टर होता आणि त्याच्याकडे कुठल्याही अडचणीवर उपटून काढणे हाच उपाय असे. "मी तशीच नेतो. माझ्या वेटिंग रूममध्ये झकास दिसेल. टाकीवर मासिकं, सीटवर एखादं झाड."

"कसलं झाड?" झाइराबाईंनी विचारलं.

"फायकस. प्लास्टिकचा. पाणी घालायला नको."

फिओरेन्झोनं भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. अमलेतोंच्या त्या विस्कटलेल्या केसांच्या जागी त्याला प्लास्टिकची पानं दिसली. खरं म्हणजे तो लाम्ब्रुस्को वाइनचा तिसरा ग्लास होता. पण इतिहासात माणसाच्या तोंडून जे बाहेर पडतं ते नोंदलं जातं, पोटात काय होतं ते कोणी लिहीत नाही.

"मी सुरू करतो," तो म्हणाला.

त्याची बायको कातिया हिनं डोळे मिटून घेतले. झाइराबाईंनी पळी खाली ठेवली.

"तू?" त्या म्हणाल्या.

एकाच अक्षराचा शब्द. पण त्यात बावीस वर्षं मावली होती. त्यात भिंतीला लावलेली आणि मांजरावर पडलेली फळी होती, उलटा बसवलेला नळ होता, आणि अर्थातच क्रीम होतं. फिओरेन्झोला आयुष्यात फारसं काही नको होतं. पण तो "तू?" परत घेतला जावा, एवढं मात्र त्याला त्या क्षणी फार मनापासून हवं झालं.

दुसऱ्या दिवशी त्यानं सगळ्यांत आधी हेल्मेट विकत घेतलं. लाल. पुढचे पाच महिने या प्रकल्पातली पूर्ण तयार असलेली तेवढी एकच वस्तू होती.

फिओरेन्झो पोटासाठी श्रवणयंत्रं विकत असे. त्यामुळे गाडी त्याच्या इमारतीच्या तळघरातल्या गॅरेज क्रमांक चारमध्ये, त्याच्या कारच्या बाजूला, टेकवली गेली, तेव्हा दारात जे तीन म्हातारे येऊन उभे राहिले त्या तिघांच्या सहाही कानांत त्याचाच माल होता. बोलोन्यात माणूस निवृत्त झाला की त्याचे हात आपोआप पाठीमागे जातात, एकमेकांत गुंततात, आणि पाय त्याला जिथे कुठे खोदकाम, बांधकाम, दुरुस्ती चालू असेल तिथे नेऊन उभे करतात. त्याला आमच्याकडे उमारेल म्हणतात. चौकातलं ड्रेनेजचं काम डिसेंबरात संपल्यापासून हे तिघे बेकारच होते. नेरिओ हा बसचा निवृत्त ड्रायव्हर, एर्मेस हा मोर्तादेल्ला सॉसेजच्या कारखान्यातला निवृत्त मुकादम, आणि तिसरा लेआर्को. लेआर्को कशातून निवृत्त झाला होता हे कोणालाच माहीत नव्हतं, कारण तो बोलत नसे.

"काय इंजिनिअरसाहेब," नेरिओ म्हणाला, "खोलायची म्हणताय?"

"खोलतोय."

"मी असतो तर नसती खोलली."

"का?"

"ते तुम्हाला खोलल्यावर कळेल."

एर्मेसनं मान तिरकी करून इंजिनाकडे पाहिलं. "अहो, तो पाना तेरा नंबरचा आहे. तुम्हाला चौदा लागेल."

फिओरेन्झोनं तेराच लावला. नट गोल झाला. तिघांच्याही चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते पाहून वाटावं की ड्रेनेजच्या कामात काही दम नव्हता.

तो चिडून काही बोलू लागला की तिघे एकदम हात कानाशी नेऊन यंत्राचा आवाज कमी करत. बटणं कुठे असतात ते त्यानंच शिकवलं होतं.

गाडी खोलून पंधरा दिवसही झाले नव्हते, तोच इमारतीची तातडीची सभा भरली. पासेरिनीबाई या व्यवस्थापक. त्यांना सगळे डॉक्टर म्हणत. त्यांनी कधी कोणाला बरं केल्याचं ऐकिवात नाही. त्यांनी चष्मा लावून नियम वाचला: तळघरात नऊपर्यंत वाहनं असतील तर ठीक, दहावं आलं की अग्निशमनाचं प्रमाणपत्र, प्रत्येक गॅरेजला लोखंडी दारं, छतात पाण्याचे फवारे.

"आपल्याकडे नऊ गाड्या आहेत," पासेरिनीबाई म्हणाल्या. "श्रीयुत तुन्योलींनी दहावं वाहन आणलं आहे."

सगळ्या इमारतीनं त्याच्याकडे पाहिलं. लोखंडी दारांचा खर्च वाटून घ्यावा लागणार, या विचारानं प्रत्येकाच्या डोळ्यांत आधीच थोडा धूर दिसत होता.

"सोपं आहे," फिओरेन्झो म्हणाला. "मी माझी कार रस्त्यावर लावतो."

"कार कुठे लावता हा प्रश्न नाही. नोंदवहीत गॅरेज चारमध्ये एक कार आहे. नोंद बदलायला सर्व मालकांची एकमतानं सही लागते."

"मग घ्या ना सह्या."

"तिसऱ्या मजल्यावरचे श्रीयुत गाम्बेरीनी अठ्ठ्याण्णव सालापासून अर्जेंटिनात आहेत. त्यांनी पत्ता ठेवलेला नाही."

मग दोन तास चर्चा झाली. मोटरसायकल सायकलीत मोडते का? नाही. सुटे भाग म्हणून नोंदवता येईल का? ज्वलनशील आहेत. शेवटी पहिल्या मजल्यावरच्या एका बाईंनी, ज्यांना ओव्हनमधल्या पदार्थाची काळजी लागली होती, विचारलं, "गॅरेजमध्ये कपाट ठेवलेलं चालतं का?"

"कपाट चालतं," पासेरिनीबाई म्हणाल्या. "फर्निचरला मर्यादा नाही."

मतदान झालं. आपल्याकडे इमारतीत माणसं मोजत नाहीत, सहस्रांश मोजतात. जेवढं घर तेवढं मत. फिओरेन्झो माणूस म्हणून पूर्ण एक होता, पण इमारतीत तो हजारातला एक्केचाळीस होता. आठशे सहा सहस्रांशांनी हात वर केला आणि सत्तावन्न सालची तोर्देला एकशे पंचाहत्तर ही बहुमतानं कपाट झाली. पासेरिनीबाईंनी तिला पितळी पाटीही लावायला लावली: "कपाट क्र. १".

इथून पुढे काम झपाट्यानं बिघडत गेलं.

कार्ब्युरेटर साफ करायला रॉकेल आणायचं राहिलं, म्हणून त्यानं तो बायकोच्या भांडी धुण्याच्या मशीनमध्ये घातला. नाजूक काचसामानाच्या कार्यक्रमावर. तो काही रानटी नव्हता. कार्ब्युरेटर आरशासारखा निघाला.

"फिओरेन्झो," त्या दुपारी कातिया म्हणाली, "सुपाला पेट्रोलचा वास येतोय."

"अगदी थोडा."

"पुढच्या वेळी सायलेन्सर धुवायचा असेल तर सांग. मी चमचे काढून ठेवते."

पेट्रोलचा कॉक गळत होता, म्हणून तो जुन्या पार्टांच्या बाजारात गेला. तिथे एका टोपीवाल्या गृहस्थानं मखमली कापडातून एक कॉक काढला. "तोर्देलाचा अस्सल. हा जगातला शेवटचा. मला विकायचाही नाहीये खरं तर," तो म्हणाला, आणि लगेच विकला. कॉक टाकीवर बसला, एक थेंब गळेना. फिओरेन्झोनं गर्वानं दाराकडे पाहिलं.

एर्मेस वाकून बघत होता. "हा माझ्या मेहुण्याच्या बारमधला," तो म्हणाला. "कॉफीच्या मशीनचा. दुधाला वाफ सोडायचा."

"छान बसलाय," नेरिओ म्हणाला. "फेस चांगला येईल."

एप्रिलपर्यंत गाडी परत जोडून झाली. उरलेले सात नट त्यानं एका बरणीत घातले आणि बरणी नजरेआड ठेवली. किक मारली. काही झालं नाही. पुन्हा मारली. प्लग बदलला, पॉइंट घासले, करंट येतोय का बघायला वायर हातात धरली. करंट येत होता.

"आता लक्षात राहील," नेरिओ म्हणाला.

मग ढकलून सुरू करायचं ठरलं. गाडी उताराच्या वर नेली, फिओरेन्झोनं हेल्मेट घातलं आणि गडगडत खाली निघाला. खाली पोचता पोचता त्यानं उजव्या पायानं ब्रेक दाबला. त्या काळच्या इटालियन गाडीवर उजव्या पायाखाली गिअर असतो आणि ब्रेक डावीकडे. गाडीनं गिअर बदलला आणि ती तशीच पुढे जाऊन काचेच्या बाटल्यांच्या डब्यात शिरली. फिओरेन्झोला विशेष लागलं नाही. पण दुसऱ्या दिवशी इमारतीची नोटीस आली: वार मंगळवार असताना, म्हणजे काच टाकण्याचा दिवस नसताना, काचेच्या डब्यात फर्निचर टाकल्याबद्दल.

दरम्यान कागदपत्रं. गाडी सुरू झाली तरी ती रस्त्यावर नेता येणार नव्हती, कारण वर्षानुवर्षं कर न भरल्यामुळे त्र्याण्णव साली तिचं नाव वाहनांच्या यादीतून काढून टाकलं होतं. तिच्या नोंदणीचं पुस्तक सासूबाईंनी बिस्किटांच्या डब्यातून काढून दिलं. मालकाचं नाव: झाइरा. फिओरेन्झो मनाशी हसला. अमलेतोही साधे नव्हते म्हणायचे. कर चुकवायला गाडी बायकोच्या नावावर.

मे महिन्यात, नाव पुन्हा यादीत घालायला लागणाऱ्या प्रमाणपत्रासाठी, जुन्या वाहनांचा परीक्षक आला. करड्या सुटातला, हळू आवाजात बोलणारा माणूस. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, चौकटीवरचा नंबर बघितला, आणि पितळी पाटीशी थांबला.

"इथे कपाट लिहिलंय."

"ते इमारतीपुरतं आहे."

"मी फर्निचरला प्रमाणपत्र देऊ शकत नाही."

"पण ही मोटरसायकल आहे! ही चाकं बघा."

"माझ्या सासूबाईंच्या कपाटालाही चाकं आहेत," परीक्षक म्हणाला, आणि या वाक्यानंतर फिओरेन्झोला त्याच्याविषयी नाही म्हटलं तरी आपुलकी वाटली. "असं करा. गाडी स्वतःच्या इंजिनावर रस्त्यावरून चालली आहे असा एक फोटो द्या. नंबर प्लेट स्पष्ट हवी. तारीख हवी. आणि फोटो तुमच्या घरच्या कोणी काढलेला नको, एखाद्या त्रयस्थ अधिकृत संस्थेचा हवा. मग पाटीकडे मी दुर्लक्ष करीन."

"पण नोंदणी झाल्याशिवाय ती रस्त्यावर नेता येत नाही ना?"

"अर्थातच नाही. ते बेकायदेशीर आहे."

"मग फोटो कसा काढायचा?"

परीक्षकानं सहानुभूतीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "फार लोक इथपर्यंतसुद्धा येत नाहीत," तो म्हणाला आणि निघून गेला.

तेरा जून उजाडला. वाढदिवसाचं जेवण या वर्षी फिओरेन्झोच्या घरी होतं. झाइराबाई सकाळी सातलाच लाटणं घेऊन हजर झाल्या, कारण मुलीच्या हातच्या तोर्तेलिनीवरही त्यांचा पूर्ण विश्वास नव्हता. दहा वाजता लोरिस मोदेनाहून टेम्पो घेऊन आला. टेम्पोत दोऱ्या होत्या, एक घोंगडी होती, आणि पुढच्या सीटवर, पट्टा लावून बसवलेला, प्लास्टिकचा फायकस.

"चालू दे तुझं," लोरिस प्रेमानं म्हणाला. "मला घाई नाही. जेवण होईपर्यंत वेळ आहे." आणि त्यानं खिशातून टेप काढून सीटची रुंदी मोजली.

फिओरेन्झोनं किक मारायला सुरुवात केली. किकही त्या गाडीला डाव्या बाजूला. जन्मभर उजव्या पायानं जगलेल्या माणसाला ती डाव्या पायानं मारताना पाहणं हे काही फार सन्मानाचं दृश्य नसतं. वीस झाल्या. तीस झाल्या. दारात तिघे म्हातारे, हात पाठीमागे, वाढदिवस म्हणून टाय लावून. चाळिसाव्या किकला त्याची पँट उसवली. पन्नासाव्याला फायकस टेम्पोतून उतरवला गेला.

"दोन महिन्यांत तुला माझ्या वेटिंग रूममध्ये येऊन तिला बघता येईल," लोरिस म्हणाला. "दातही बघून घेऊ."

एकसष्टाव्या किकनंतर फिओरेन्झो गाडीच्या बाजूला जमिनीवर बसला. हेल्मेट डोक्यावर तसंच होतं. निदान ते तरी नीट बसलं होतं. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. झाइराबाई खाली आल्या. अंगात निळा रेशमी पोशाख, त्यावर ॲप्रन, हात कोपरापर्यंत पिठानं माखलेले.

"सूप उकळतंय," त्या म्हणाल्या. "काय चाललंय?"

"होत नाहीये," फिओरेन्झो म्हणाला. एवढंच. पाच महिन्यांत तो पहिल्यांदाच एका वाक्यात थांबला होता.

झाइराबाईंनी गाडीकडे पाहिलं. मग बोट दाखवून विचारलं, "बटण दाबलंस?"

"कुठलं बटण?"

"कुठलं बटण म्हणे!"

त्या वाकल्या, कार्ब्युरेटरच्या डोक्यावर एक हरभऱ्याएवढं बटण होतं, ते अंगठ्यानं दाबून धरलं. एक, दोन, तीन, चार. पेट्रोल भरून बोटांवर ओघळलं. त्यांनी बोटं नाकाशी नेली आणि मिटल्या डोळ्यांनी वास घेतला. मग पोशाख गुडघ्यापर्यंत वर घेतला, डावा पाय किकवर ठेवला आणि सगळं वजन टाकून एकदाच दाबला.

तोर्देला सुरू झाली.

तळघरात असा आवाज घुमला की तिन्ही म्हाताऱ्यांनी एकदम यंत्रं कमी केली, आणि मग, एकमेकांकडे न बघता, पूर्ण वाढवली.

"ते हेल्मेट दे," झाइराबाई म्हणाल्या.

"आई, अहो, तुम्ही..."

"दे म्हटलं ना!"

त्यांनी हेल्मेट घातलं, पीठ तसंच, पाय टाकून बसल्या, उजव्या पायानं पहिला गिअर टाकला, लोरिसच्या फायकसला घासून वळल्या आणि उतार चढून उन्हात निघून गेल्या. ॲप्रनची गाठ तेवढी मागे फडफडत राहिली.

फिओरेन्झो सावकाश उठला आणि दाराकडे वळला.

"तुम्हाला त्या बटणाचं माहीत होतं?"

नेरिओनं छताकडे पाहिलं. एर्मेसनं टाय सारखा केला.

"पाच महिने! मी पॉइंट घासले, शॉक खाल्ला, काचेच्या डब्यात गेलो! पहिल्या दिवशी सांगितलं असतंत तर?"

आणि तेव्हा लेआर्को बोलला. त्याचा आवाज फार सुंदर होता.

"संपलं असतं," तो म्हणाला.

चव्वेचाळीस मिनिटांनी गाडी परत आली. झाइराबाईंचे गाल लाल झाले होते, हँडलला मिठाईच्या दुकानातली दोरी बांधलेली खोकी लटकत होती. "सान लुकाच्या टेकडीवर जाऊन आले," त्या उतरत म्हणाल्या. "वळणावर पुढचा ब्रेक ओढतो डावीकडे, तेवढं बघ. बाकी चांगली जोडलीयेस. घट्ट. अमलेतोला इतकी जमली नसती."

"पण गाडी तर त्यांचीच ना?" फिओरेन्झो म्हणाला. "तो फोटो..."

"त्याला भीती वाटायची रे चालवायची. तो मागे बसायचा." झाइराबाईंनी हातमोजे काढावेत तसं हातांवरचं पीठ झटकलं. "तो फोटो मी काढलाय. नुकताच उतरला होता बिचारा. जिवंत पोचलो म्हणून खूश."

लोरिस खाकरला. "म्हणजे आता तांत्रिकदृष्ट्या बघता, फिओरेन्झोनं काही ती सुरू केलेली नाही."

"नाही," झाइराबाई म्हणाल्या. "जो सुरू करेल त्याची, असं मी म्हटलं होतं. मी सुरू केली. माझी मलाच मिळाली. राहील इथेच, चारमध्ये. तुझं झाड घेऊन जा, लोरिस, त्याला आजच पेट्रोलचा वास लागलाय."

मग सगळे जेवायला वर गेले. झाइराबाईंनी सगळ्यांना वाढलं. फिओरेन्झोच्या वाटीवर पळी आली, तिथे क्षणभर थांबली. कातियानं श्वास रोखला. बावीस वर्षांच्या सवयीनं फिओरेन्झोनंही "नको" म्हणायला तोंड उघडलं.

झाइराबाईंनी तोर्तेलिनी वाढल्या आणि काही न विचारता पुढच्या वाटीकडे वळल्या.

ही कथा इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण तीन आठवड्यांनी नगर पोलिसांचा हिरवा लखोटा आला. पन्नासच्या हद्दीत सदुसष्टचा वेग. वाहन यादीत नाही, विमा नाही. चौकशी करून गाडी जप्त करणार. सोबत कॅमेऱ्यानं काढलेला काळा-पांढरा फोटो: पाठमोरी मोटरसायकल, नंबर प्लेट लखलखीत, कोपऱ्यात तारीख आणि वेळ, आणि वर हेल्मेटमधली एक आकृती, ॲप्रनची गाठ वाऱ्यावर आडवी.

"जप्त करणार म्हणे," कातिया म्हणाली. "आता?"

"त्यांना सांग ते कपाट आहे," झाइराबाई म्हणाल्या आणि फोटो दिव्याखाली धरून बघत बसल्या. "बघ, पाठ कशी ताठ आहे."

फिओरेन्झो मात्र प्लेटकडे बघत होता. मग तारखेकडे. मग खालच्या शिक्क्याकडे. गाडी स्वतःच्या इंजिनावर, रस्त्यावर. त्रयस्थ, अधिकृत संस्था. त्यानं शांतपणे पेन उचललं.

प्रति,
मा. प्रमुख, दंड विभाग, नगर पोलीस, बोलोन्या.

विषय: दिनांक १३ जूनच्या कथित घटनेबाबत.

महोदय,

आपल्या नोटिशीत नमूद केलेली वस्तू हे वाहन नसून कपाट आहे. सोबत इमारतीच्या इतिवृत्ताची मुद्रांकित प्रत जोडली आहे (बाजूने ८०६ सहस्रांश). कपाटास वेगमर्यादा लागू असल्याचे आमच्या वाचनात नाही. सबब सदर घटना घडलीच नसल्याचे मान्य करून दंड व जप्ती रद्द करावी, ही विनंती.

तसेच, न घडलेल्या सदर घटनेचे छायाचित्र आपण अत्यंत स्पष्ट काढले असल्यामुळे, त्यातील कपाट ही चालू स्थितीतील मोटरसायकल असल्याचा दाखला आपल्या सही-शिक्क्यानिशी द्यावा, म्हणजे तो जुन्या वाहनांच्या परीक्षकांकडे सादर करता येईल. त्यांच्यासाठीची प्रत कृपया सासूबाईंशिवाय असावी.

दुसरी प्रत सासूबाईंसह, रंगीत, शक्य तेवढ्या मोठ्या आकारात द्यावी. सासूबाईंच्या स्वयंपाकघरात कै. अमलेतो यांच्या छायाचित्राशेजारी तेवढी जागा रिकामी करून ठेवण्यात आली आहे. फळी या वेळी पडणार नाही याची खात्री करून घेतली आहे.

आपला नम्र,
फिओरेन्झो तुन्योली
(४१ सहस्रांश)